एकाच कॅसेटचं दुकान

शकूआत्याने व्हिडिओ गेमचं दुकान काढायचं जाहीर केलं, तेव्हा आम्ही सगळे मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय भाजीच्या ढिगाभोवतीच झाले. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर आणि नदीच्या अंगाला भाजीचा आणि झेंडूचा मळा. पहाटे बाबा आणि आत्या माल घेऊन हर्रासाला, म्हणजे लिलावाला जात, आणि उरलेली भाजी आई दारात मांडून विकत असे. त्यामुळे पुढच्या खोलीला कायम ओल्या पोत्यांचा, झेंडूचा आणि सांबाराचा वास. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर; पुण्याकडच्या वाचकांनी उगाच इडली डोळ्यांपुढे आणू नये. शकूआत्या ही बाबांची धाकटी बहीण. अंगाने दणकट, हसली की समोरच्या लिंबावरचे कावळे उडत. तिचं लग्नाचं वय घरच्यांच्या मते टळत चाललं होतं आणि तिच्या मते अजून आलेलंच नव्हतं.

"दादा, पुढची खोली मले दे. मी व्हिडिओ गेम लावतो," ती म्हणाली. (आमच्याकडे बायकाही 'मी करतो, मी जातो'च म्हणतात.)

"काय लावतं?" बाबांच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"मुन्नाभाऊनं लावला तसा. पोट्टे दिवसभर तेथंच पडून राह्यते."

"आपुन भाजी विकनारे लोक. भाजी विकाव."

"भाजी सांजच्याले सडते दादा. गेम सडत नाही."

आदल्याच दिवशी टोपलंभर वांगी गायीपुढे ओतावी लागली होती. त्यांनी आईकडे पाहिलं, आईने मेथीकडे पाहिलं. शेवटी बाबांनी अट घातली: दिवाळीपर्यंत दुकान चालवून दाखवायचं. चाललं तर चाललं. नाही चाललं, तर दिवाळीत जे बरं स्थळ येईल त्याला आत्याने मुकाट्याने हो म्हणायचं. "अन् चाललं का नाही, हे मी सांगीन," बाबा म्हणाले. आत्याने क्षणाचाही विचार न करता "कबूल" म्हटलं. आमच्या घरात दिलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द. आत्या गेली तर माझं काय, हा माझा पहिला विचार. तिच्याशिवाय त्या घरात हसायचं कुणी नव्हतं.

आता मुन्नाभाऊबद्दल सांगायला हवं. मुन्नाभाऊ आमच्याच समाजातला, चौकात त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान. दाराला पडदा, आत अंधार, भिंतींवर नट्यांची पोस्टरं, आणि एकावर एक रचलेल्या टीव्हींसमोर बाकांवर दाटीवाटीने बसलेली पोरं. मुलींना आत मज्जाव असा काही नियम नव्हता, पण कोणी गेली नव्हती आणि पहिली जायची हिंमत माझ्यात नव्हती. मी बाहेर पायरीशी उभी राहून नुसते आवाज ऐकायची. ते टुणटुण, ते ढिशूम, आणि मध्येच सगळ्या पोरांनी मिळून केलेला "अऽऽरे बाप्पा!" मला वाटायचं, जगातला सगळा आनंद त्या पडद्याआड कोंडून ठेवलाय आणि मुन्नाभाऊ दारात बसून तो वाटतोय.

पण मुन्नाभाऊची खरी ताकद मशिनमध्ये नव्हती, ती कॅसेटमध्ये होती. ती पिवळी, लाल, काळी चौकोनी कॅसेट मशिनच्या डोक्यात खुपसली की गेम सुरू. अकोल्यात ज्याच्या ज्याच्या घरी मशीन होतं, ते एकाच जातीचं, आणि त्याच्या सगळ्या कॅसेट फिरून फिरून मुन्नाभाऊकडेच येत. तुमची जुनी द्या, त्याची दुसरी न्या. अमरावतीचा जो व्यापारी हा माल आणायचा, त्याच्याशीही मुन्नाभाऊची तोंडी बोली होती, की मोर्णेच्या या काठावर माझ्याशिवाय कुणाला माल द्यायचा नाही. परवा माझा भाचा मला समजावत होता, की जगातल्या बड्या कंपन्या हा धंदा कसा मुठीत ठेवतात, नवा कुणी मशीन घेऊन आला तर त्याच्याकडे गेम नसतात म्हणून गिऱ्हाईक येत नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून गेम बनवणारा त्याच्या दारात उभा राहत नाही. मी पोळ्या लाटता लाटता इतकी हसले की पोळी करपली. बाळा, हे तू मला सांगतोस? हे सगळं मी फ्रॉक घालत होते तेव्हाच आमच्या पुढच्या खोलीत होऊन गेलंय.

तर आत्या निघाली अमरावतीला, झेंडूचे पैसे कमरेला खोचून, आणि सोबत मी. बसमध्ये खिडकीपाशी मी, मांडीवर भाकरी, चून (तुमचं पिठलं) आणि ठेच्याचं गाठोडं. दोन्हीकडे काळ्या मातीत कपाशी उभी. आत्या वाटभर गिऱ्हाइकांना काय काय म्हणायचं त्याची तालीम करत होती आणि पुढच्या सीटवरचे लोक वळून वळून पाहत होते. व्यापाऱ्याच्या दुकानात पोचलो तर फळीवर ते पांढरं मशीन होतं, मुन्नाभाऊसारखंच, आणि शेजारी कॅसेटची चळत. गाव कुठलं म्हणून त्याने विचारलं. आत्याने छाती पुढे काढून सांगितलं, "अकोला, जुनं शहर." व्यापाऱ्याने डोकं खाजवलं, मग भाव असा सांगितला की आम्ही पळूनच जावं. आत्या पळाली नाही. तिने मला बाहेर ओढलं आणि कानात म्हणाली, "बबे, घाई नाही कराची. आता सकाळचा भाव हाय. सांजच्याले माल उतरते."

या एका वाक्यात आमच्या सात पिढ्यांची विद्या होती. पालक असो, वांगं असो, संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी भाव पडतो म्हणजे पडतो. म्हणून आम्ही दिवसभर अमरावती पाहिली. अंबादेवीचं दर्शन घेतलं, गिलावडा खाल्ला, मग परत एकदा गिलावडा खाल्ला, बांगड्यांच्या दुकानात उगाच हात घालून बसलो. मला तर वाटत होतं धंदा करणं म्हणजे किती मजेचं काम आहे. दिवे लागायच्या सुमारास आम्ही डौलात दुकानात शिरलो, आणि फळी रिकामी! पांढरं मशीनही नाही आणि कॅसेटही नाहीत. आम्ही वडे खात असताना व्यापाऱ्याने अकोल्याला फोन लावला होता आणि मुन्नाभाऊचा माणूस दुपारच्या गाडीने येऊन होता नव्हता तो माल उचलून घेऊन गेला होता.

उरलं होतं एक काळं, बोजड मशीन, कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीचं. आत्याने ते दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिलं. टरबूज वाजवून पाहतात तसं बोटाने टकटक केलं, कानाला लावलं. "भरीव हाय," ती मला म्हणाली. व्यापाऱ्याने भाव सांगितला, आणि काय आश्चर्य, तो खरंच पडलेला होता! आत्याचा चेहरा असा उजळला की मी तिच्याकडे पाहतच राहिले. "पाह्यलं? म्या काय म्हनलं होतं?" परतीच्या गाडीत ते मशीन तिने लेकरासारखं मांडीवर घेतलं होतं. बडनेऱ्याच्या पुढे गाडी आदळली की ती त्याच्यावर पदर घालायची.

घरी आल्यावर कळलं, भाव का पडला होता. गल्लीतल्या पोरांनी आपापल्या कॅसेट आणल्या, आणि एकही त्या मशिनात शिरेना. खाच अरुंद, कॅसेट रुंद. आईने पाटा आणून "थोडी घासून पाहाव काय?" असंही सुचवलं. मशिनासोबत जी एक कॅसेट फुकट आली होती तेवढीच त्याला बसायची, आणि त्या जातीची दुसरी कॅसेट अकोल्यात नव्हती, अमरावतीत नव्हती, दुनियेत कुठे असेल तर आम्हाला पत्ता ठाऊक नव्हता. आत्याला मात्र हसू फुटलं, ते थांबेचना. "एक तं एक! लाव नं बबे, पाहू तं खरं काय हाय थे!"

घरच्या टीव्हीवर आलं ते सायकलवरचं अस्वल. एक गोल मटोल अस्वल सायकल मारत डोंगर चढतंय, वरून दगड गडगडत येताहेत, आणि त्याच्या मागे कॅरिअरवर बसलेलं पिल्लू छत्रीने ते दगड उडवून लावतंय. गंमत अशी की सायकल एका रिमोटवर आणि छत्री दुसऱ्या रिमोटवर. एकट्याने खेळताच येत नसे. मुन्नाभाऊकडे जो तो दुसऱ्याला मारायला बसायचा, इथे दुसऱ्याला सांभाळलं नाही तर दोघंही दरीत. मागे एक सनईसारखी धून वाजायची, ती मला आजही भांडी घासताना येते.

पोरं आली, दोन दिवस बसली, आणि कंटाळून परत गेली. एकच गेम रोज रोज कोण खेळणार? आत्याने आपल्या परीने सगळं केलं. भाजीवर जसा आम्ही वरतून मिरची-सांबार टाकतो, त्याचे पैसे घेत नाही, तसं ती अस्वल मेलं की एक डाव वरतून देई. "घे, हा सांबार," म्हणायची. पोरांनी सांबार खाल्ला आणि मुन्नाभाऊकडे पळाली. मुन्नाभाऊ चौकात सांगत सुटला, "ज्याले अस्वल पाहाचं हाय त्यानं सर्कशीत जाव." दसऱ्याला आमचा झेंडू धडाधडा खपला, पण दुकानात आत्या आणि मी दोघीच अस्वल हाकत बसलेल्या. मला भीती वाटत होती आणि मजाही येत होती. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे मला तेव्हाच कळलं.

मग एका दुपारी शेजारच्या शेवंताकाकू पालक घ्यायला आल्या, सोबत त्यांची सून. त्या दोघी सासवा-सुना महिनोन् महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या; मीठ हवं असलं तरी लेकराकडून मागवत. आत्याने काय मनात आणलं कुणास ठाऊक, "बसा नं काकू जराशा," म्हणत एकीच्या हातात एक रिमोट दिला, दुसरीच्या हातात दुसरा. अस्वल निघालं. पहिल्याच दगडाला दरीत. दुसऱ्यांदाही दरीत. तिसऱ्यांदा सुनेला राहवेना आणि ती सासूवर ओरडली, "मामीजी, छत्री उघडा नं! दगड आला!" आणि शेवंताकाकू तितक्याच जोरात, "तू सायकल हळू हान नं, माय! मी हाय का नाही मांगं!" दारात भाजी निवडणाऱ्या आईच्या हातून विळा पडला. त्या दोघी तिन्हीसांजेपर्यंत हलल्या नाहीत. पालक तिथेच विसरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेवंताकाकूंनी आपली बहीण आणली, बहिणीने जाऊ आणली, आणि मग जी रीघ लागली! भांडी आटोपून, डोक्यावर पदर घेऊन बायका यायच्या, जणू कीर्तनालाच निघाल्या आहेत. कोणी सांबारवडी आणायची, कोणी रोडगे. खोलीत एवढा कल्ला, की चौकातल्या मुन्नाभाऊच्या मशिनीचा आवाज ऐकू येईना. ज्या बायकांना घरात टीव्हीचं बटणही कुणी लावू देत नव्हतं, त्या कमरेला पदर खोचून अस्वल डोंगरावर चढवत होत्या. मी सगळ्यात लहान आणि सगळ्यात तरबेज, त्यामुळे जिला जोडीदारीण नसेल तिच्यासोबत मी. असं वाटायचं, ज्या पडद्याबाहेर मी उभी राहायची, तो पडदाच कुणीतरी फाडलाय आणि आतला सगळा आनंद आमच्या घरात आणून ओतलाय. मी सुखाने वेडी व्हायचीच बाकी होते.

मुन्नाभाऊने आधी दुपारी 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी लावली. एकही बाई गेली नाही. नट्यांच्या त्या पोस्टरांखाली कोण बसणार? मग त्याने फर्मान काढलं, की ज्या घरची बाई शकूकडे जाईल त्या घरच्या पोराला कॅसेट बदलून मिळणार नाही. झालं उलटंच, पोरं आयांच्या मागे मागे आमच्याकडे यायला लागली. तेव्हा मात्र मुन्नाभाऊने असा डाव टाकला, की तो आठवला की मला त्याची आजही दाद द्यावीशी वाटते. धोतरासारखी स्वच्छ पांढरी पॅन्ट घालून, हातात पेढ्याचा पुडा घेऊन तो बाबांकडे आला आणि शकूआत्यासाठी स्थळ सांगितलं! दर्यापूरचा त्याचा मावसभाऊ, घरची जमीन, एकुलता एक. मशीन हलवता येईना म्हणून गडी मशीनवालीच उचलून दर्यापूरला पाठवायला निघाला होता.

बाबा हरखले. आत्या म्हणाली, "दादा, हा माह्यं लगन नाही जमवून राहिला, माह्यं दुकान उठवून राहिला."

"दुकान चाललं कोठं?" बाबा म्हणाले. "बायका आरडतात, त्याले काही चालनं म्हनत नाही." ठरवणारे तेच होते आणि दिवाळी आठवड्यावर आली होती. आत्याने शब्द दिला होता. त्या दिवशी ती दुकानात बसली, पण हसली नाही. समोरच्या लिंबावर कावळे निवांत बसून होते.

पाहुणे आले ते भर दुपारी. मुन्नाभाऊ, दर्यापूरचा मुलगा आणि मुलाची आई, म्हणजे मुन्नाभाऊची मावशी. मावशी मोठ्या बांध्याची, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बसल्या जागेवरून सगळं घर तपासत होती. बसवायला खोली एकच, पुढची. म्हणून टीव्ही आणि मशिनवर आईने फुलाफुलांची चादर टाकून ठेवली होती आणि रोजच्या बायकांना 'आज येऊ नका' असा निरोप दिला होता. त्या आल्याच होत्या. सगळ्या बाहेर, उन्हात, खिडकीच्या गजांना चिकटून. मुलगा बिचारा स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

"ह्या चादरीखाली काय हाय?" मावशीने विचारलं.

"काही नाही मावशी, भंगार हाय," मुन्नाभाऊ घाईने म्हणाला.

आत्या पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "भंगार नाही. माह्यं दुकान हाय," ती म्हणाली.

"असं? लाव बरं. पाहू दे कायचं दुकान हाय थे."

मी टुणकन उडी मारून चादर ओढली. सनई वाजायला लागली, अस्वल सायकलवर बसलं. मावशीने सायकलचा रिमोट उचलला, आणि आत्याने पोह्यांचा ट्रे मुन्नाभाऊच्या मांडीवर ठेवून छत्रीचा घेतला. पहिला डाव दरीत, दुसरा दरीत. मावशीने पदर खोचला. तिसऱ्या डावाला अस्वल असं सुटलं, की खिडकीतून बायकांनी टाळ्या पिटल्या.

"मावशी, पोरगी पाहाले आलो नं आपुन," मुन्नाभाऊ केविलवाणा होऊन म्हणाला.

"मंग पाहूनच तं राहिलो!" मावशीची नजर टीव्हीवर. "काय वो पोरी, सैपाक येते काय तुले?"

"येते! डावीकडं घ्या, डावीकडं!"

"पुरनपोळी?"

"फाटते थोडीशी! आता जोरात हाना!"

"वावरात काम करशीन?"

"जलमभर केलं! थांबा थांबा, दगड जाऊ द्या!"

अस्वल कधी नव्हे ते ढगांच्या वर पोचलं होतं. तिथवर आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं. पडदा निळा झाला, धून बदलली, खिडकीतल्या बायका टाचा उंचावून पाहू लागल्या. बाबा कधी उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही. त्यांचाही हात छत्री धरल्यासारखा वळत होता. आणि त्या सगळ्या धुंदीत, डोळे न हलवता, मावशीने विचारलं, "लगन कराचं हाय काय तुले?"

"नाही!" आत्या म्हणाली.

ती विचार करून बोललीच नव्हती. विचार करायला सवडच नव्हती. तेवढ्या महिन्यांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता, बाबांनी नाही, आईने नाही, मीसुद्धा नाही. आत्याच्या हातातला रिमोट खाली आला आणि तिने भेदरून बाबांकडे पाहिलं.

"मंग इकडं तिकडं काय पाह्यतं?" मावशी खेकसली. "छत्री उघड नं बाई, दगड येऊन राहिला!"

आत्याने छत्री उघडली. दगड उडाला. खिडकीत जो जल्लोष झाला तो मोर्णेच्या पलीकडे गेला असेल. मुन्नाभाऊ मांडीवरचा ट्रे सावरत म्हणाला, "मावशी, थे खेळता खेळता बोलली. खरं नाही म्हनली."

"खेळतानी मानसाले खोटं बोलाले टाइम भेटते काय?" मावशी म्हणाली. "पोरगी नाही म्हनते. इषय खतम. तू पोहे खाय." मुलाने पहिल्यांदा मान वर केली आणि तो इतका मोकळा हसला, की त्यालाही हे कुणी विचारलं नव्हतं हे मला तिथेच समजलं.

बाबांनी घसा खाकरला. आता ते काय म्हणतात म्हणून मी डोळे गच्च मिटून घेतले.

"शके," ते म्हणाले, "दार उघड. गिऱ्हाइकं उनात उभी हाय."